दाढ भरू की कॅप बसवू?

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं एकाच मुद्द्यावर आली आहेत. एका पत्राची सुरुवातच ‘मनी दाढ दुखस, पन डॉक्टर कॅपनंच बोलस’ अशी आहे. आपल्याकडे दाढेत काहीही भरलं तरी ते ‘सिमेंट’ आणि दाढेवर काहीही चढवलं तरी ती ‘कॅप’. इथेही तेच शब्द ठेवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : खालच्या दाढेला मोठा खड्डा पडलाय. गार पाणी लागलं की कळ जाते, एरवी काही नाही. रावेरच्या डॉक्टरांनी सिमेंट भरून देतो म्हटलं. जळगावला दाखवलं तर रूट कॅनॉल करून कॅप सांगितली. खर्चात फार फरक आहे. कोणाचं ऐकू?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, दोघांपैकी कोणी तुम्हाला फसवतंय असं लगेच धरू नका. तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकाच चिठ्ठीवर आल्यामुळे गोंधळ झालाय. पहिला प्रश्न दाढेच्या नसेचा, दुसरा दाढेच्या भिंतींचा. रूट कॅनॉल नसेसाठी करतात, कॅप भिंतींसाठी बसवतात. नस चांगली असूनही कॅप लागू शकते, आणि कॅप बसवायची म्हणून चांगली नस काढून टाकायची गरज नसते.

आधी नस. गार पाण्याची कळ दोन-चार सेकंदांत निघून जात असेल तर नस बहुतेक जिवंत आणि सावरण्यासारखी आहे. कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळते, गरम चहानेही ठणका लागतो, किंवा रात्री झोपेतून उठवते, अशी लक्षणं असतील तर मात्र रूट कॅनॉलचा सल्ला बरोबर ठरतो. डॉक्टर हे नुसतं विचारून ठरवत नाहीत. गार फवारा मारलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या चांगल्या दाढेला, मग दुखऱ्या दाढेला लावतात आणि किती वेळ झोंबलं ते बघतात. सोबत एक्स-रे लागतोच. कीड नसेच्या अगदी जवळ गेली असेल तर तळाचा शेवटचा चिवट थर मुद्दाम तसाच ठेवून वरून घट्ट बंद करण्याची पद्धत आहे. सगळी कीड खरवडायच्या नादात नस उघडी पाडण्यापेक्षा हे बरं. कडेने बंद पक्का असेल तर आत उरलेल्या किडीला खायला काही मिळत नाही आणि ती थांबते.

आता भिंती. दाढेच्या चावायच्या बाजूला चार-पाच उंचवटे असतात. पुढच्या आणि मागच्या कडेला, शेजारच्या दाताला टेकते तिथे, शेताच्या बांधासारखी एकेक आडवी कड असते. ते दोन बांध दाढेला बांधून ठेवतात. खड्डा नुसता मधोमध आहे आणि दोन्ही बांध शाबूत आहेत, तर सिमेंट भरा, दुसरा विचार करू नका. एक बांध गेलाय तरी बहुतेक वेळा भरून भागतं. दोन्ही बांध गेले, खड्ड्याची रुंदी समोरासमोरच्या उंचवट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त झाली, किंवा उरलेली भिंत 2 मिलिमीटरपेक्षा पातळ राहिली, म्हणजे साधारण तूरडाळीच्या दाण्याच्या जाडीइतकीही नाही, तर नुसतं भरणं धोक्याचं. चावताना पातळ भिंत बाहेरच्या बाजूला लवते. रोज शेकडो वेळा लवून एक दिवस बारीक आवाज होतो आणि तुकडा हातात येतो. दातांच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसतं. पातळ भिंतीला तो ताणही पेलत नाही.

मग सरसकट कॅपच का नको? कॅपला जागा करायला दाढ सगळ्या बाजूंनी साधारण एक ते दीड मिलिमीटर आणि वरून दीड ते दोन मिलिमीटर तासावी लागते. दिसणाऱ्या दाढेचा निम्म्याहून जास्त भाग असा उडतो आणि तो परत येत नाही. शिवाय तासताना जिवंत नसेला धक्का बसतो. अशा काही दाढांची नस पुढे मरते आणि मग कॅपला भोक पाडून रूट कॅनॉल करावं लागतं. सिमेंट भरलेल्या दाढेवर उद्या कॅप चढवता येते. तासलेल्या दाढेला परत सिमेंटवर आणता येत नाही. म्हणून दोन्ही पर्याय खरोखर तुल्यबळ असतील तर आमचं मत आधी भरण्याच्या बाजूने.

मधली एक वाटही आहे, तिला ऑनले म्हणतात. कमजोर उंचवट्यांपुरतंच झाकण लॅबमधून बनवून आणतात आणि चिकटवतात, बाकी दाढ तासत नाहीत. ते सगळीकडे करत नाहीत, पण विचारायला काय जातं?

दवाखान्यात एक गोष्ट मागून घ्या. कीड साफ केल्यावर, काही भरण्याआधी, तुमच्याच मोबाईलवर त्या दाढेचा फोटो काढायला सांगा. भिंती किती उरल्या हे तेव्हाच कळतं. एक्स-रे फक्त चपटी सावली दाखवतो. कीड उघडण्याआधीच ठाम सांगितलेल्या ‘पॅकेज’पेक्षा ‘उघडून बघू, मग ठरवू’ म्हणणारा डॉक्टर आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. आणि ठिबकची नळी दाताने ओढणं, वायरचं कव्हर दाताने सोलणं आजपासून बंद.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी दाढेचं रूट कॅनॉल केलं. आता अजिबात दुखत नाही. तरी डॉक्टर फोन करून कॅप बसवा म्हणतात. न दुखणाऱ्या दाढेवर पैसे का घालायचे?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : न दुखणं हीच यातली फसवी गोष्ट आहे. त्या दाढेत नसच उरलेली नाही. तडा गेला तरी ती ओरडणार नाही. कळेल तेव्हा दाढ उभी दुभंगलेली असेल.

रूट कॅनॉलसाठी दाढेच्या वरून आत उतरावं लागतं, म्हणजे छत फोडावं लागतं. आपल्या धाब्याच्या घराची आठवण करा. धाबं आणि त्याखालच्या कड्या चारी भिंतींना एकमेकींशी धरून ठेवतात. छत गेलं की भिंती सुट्या उभ्या राहतात. त्यात कीड आधीच एक-दोन बांध खाऊन गेलेली असते. अशा दाढेत खाली घट्ट सिमेंट भरलं तरी चावताना ते पाचरीसारखं काम करतं आणि भिंती बाहेर ढकलतं.

कॅपचं काम बैलगाडीच्या चाकाच्या धावेसारखं. लाकडी घेराचे तुकडे सुटे असतात, लोखंडी धाव त्यांना बाहेरून आवळून धरते. पण धावेला पकडायला लाकूड लागतं. तसंच कॅपला हिरडीच्या वर दाढेचा स्वतःचा, चारी बाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा पट्टा लागतो. सिमेंटने बांधून काढलेली उंची त्यात धरायची नाही. हा पट्टा असेल तर कॅप वर्षानुवर्षं टिकते. नसेल तर कॅप कितीही भारी घ्या, ती निखळते किंवा आतल्या खुंटासकट दाढ मोडते. आठ महिने थांबण्यातला तोटा नेमका इथे आहे. एखादी भिंत हिरडीखाली तुटली की पट्टा गेला. मग हिरडी कापून उंची काढा, नाहीतर दाढ काढा.

दुसरा धोका वरच्या सिमेंटचा. रूट कॅनॉलनंतर वर तात्पुरतं पांढरं सिमेंट भरलं असेल तर ते काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत झिरपते, लाळेबरोबर जंतू जातात आणि मुळाशी पुन्हा पू धरतो. आठ महिन्यांत तसं झालं असेल तर कॅपच्या आधी रूट कॅनॉल पुन्हा करावं लागेल. म्हणून आधी एक एक्स-रे काढा. मुळाच्या टोकाशी काळी सावली नवी उठली आहे का, हे बघूनच कॅपचं माप द्या.

लगेच पैसे नसतील तर निदान दोन कामं उरकून घ्या. आत पक्कं सिमेंट भरून घ्या आणि त्या दाढेचे उंचवटे थोडे कमी करून घ्या, म्हणजे समोरच्या दाढेचा पूर्ण भार येणार नाही. कॅप होईपर्यंत त्या बाजूने बट्टी, भाजलेले दाणे, ऊस नको. भाकरी-भरीत खुशाल खा.

अपवादही सांगतो. पुढचा दात असेल, फक्त मागून छोटं भोक पाडून रूट कॅनॉल झालं असेल आणि बाकी दात धड असेल, तर कॅप लागत नाही. भोक कंपोझिटने बंद केलं की झालं. पुढच्या दातांवर दाढांसारखा उभा भार येत नाही. तरी प्रत्येक रूट कॅनॉलला कॅप चिकटवण्याची सवय काही ठिकाणी आहे. पुढच्या दाताला कॅप सांगितली तर कारण विचाराच.

प्रश्न : परवा दाढेत सिमेंट भरलं. घरी येईपर्यंत बरं होतं, जेवताना चावलं की टोचल्यासारखं दुखतंय. कीड आत राहिली का?
— गृहिणी, शिरपूर

उत्तर : ताई, बहुतेक सिमेंट केसभर उंच राहिलं आहे. बधिरतेच्या इंजेक्शनमुळे ओठ-गाल सुन्न असताना माणसाला नीट चावता येत नाही. डॉक्टर निळा कागद चाववतात तेव्हा जबडा वाकडा मिटतो आणि उंच जागा निसटते. उंच राहिलेल्या सिमेंटवर सगळा भार एकट्या दाढेवर येतो आणि तिच्या मुळाभोवतीचा भाग सुजतो. ‘बसेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. परत जा, कागद चावा, निळा डाग गडद पडेल तिथे घासून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम, सुईसुद्धा लागत नाही. गाराची झिणझिण दोन-तीन आठवडे राहू शकते, ती हळूहळू कमी होत गेली पाहिजे. वाढत गेली किंवा रात्रीचा ठणका सुरू झाला तर प्रश्न नसेचा आहे.

त्याच दाढेत अन्न अडकायला लागलं असेल तर तेही आत्ताच सांगा. दोन दाढांमधली भिंत सिमेंटने बांधताना मधे धातूची पातळ पट्टी आणि तळाशी छोटी लाकडी पाचर लावतात. पट्टी सैल राहिली की नवी भिंत शेजारच्या दाढेला टेकत नाही आणि फट राहते. त्या फटीत शेवभाजीतली शेव किंवा मटणाचा धागा जाऊन बसतो, हिरडी सुजते आणि वर्षभरात दोन्ही दाढा किडायला लागतात. ही फट घासून जात नाही, सिमेंट काढून पुन्हा भरावं लागतं.

प्रश्न : कॅप बसवायचं ठरलंय. धातूची, सिरॅमिकची की झिरकोनियाची? झिरकोनियावर वॉरंटी कार्ड मिळतं म्हणे. आणि कॅप नीट बसली हे आपल्याला कसं कळणार?
— शिक्षिका, शहादा

उत्तर : कोणती दाढ आहे, हसताना दिसते का, समोर काय आहे आणि दाढेची उंची किती उरली आहे, यावर ते ठरतं.

पूर्ण धातूची कॅप दिसायला राखाडी, पण दाढ सगळ्यात कमी तासावी लागते. ती तुटत नाही आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडते. शेवटच्या दाढेवर, जिथे कोणी बघणार नाही, आम्ही तीच सुचवू. लोक तिला गरिबाची कॅप समजतात, ते चुकीचं आहे. एक काळजी घ्या. यातल्या पुष्कळ कॅपमध्ये निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी कान चिघळण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

‘सिरॅमिक’ म्हणून मिळते ती बहुधा आत धातू आणि वर चिनी मातीचा थर अशी असते. दोन थर मावायला वरून दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते. कडक काही चावल्यावर वरचा थर टवका उडून निघू शकतो. पुढे हिरडी खाली सरकली की कडेला धातूची काळी रेघ दिसते.

अखंड झिरकोनिया मजबूत असतो, पांढरा दिसतो आणि वरून साधारण एक मिलिमीटर जागेतही भागतो. त्याची भीती वेगळी आहे. तोंडात बसवल्यावर डॉक्टरांनी उंची घासून कमी केली आणि पुन्हा चकचकीत पॉलिश केलं नाही, तर तो खडबडीत भाग समोरच्या चांगल्या दाढेला कानशीसारखा घासत राहतो. पॉलिश झालं का, एवढं विचाराच.

वॉरंटी कार्डाबद्दल स्पष्ट बोलू. ती हमी कॅप फुटण्याची असते. कॅप असलेल्या दाढा जातात त्या बहुतेक कॅप फुटून जात नाहीत, कॅपच्या कडेशी दाढ पुन्हा किडून जातात. त्याची हमी कार्डावर नसते. कॅप किडत नाही, तिच्या कडेखालची दाढ किडते. ती कड रोज ब्रशने आणि दोन दातांच्या मधे दोऱ्याने साफ करणं तुमच्याच हातात आहे.

आता बसली का नीट, ते. एरवी दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत दाढ तासून हिरडीच्या कडेत बारीक दोरा दाबतात, म्हणजे कड उघडी दिसते. मग सिलिकॉनच्या लगद्याने माप घेतात. नुसत्या पाण्यात कालवलेल्या मसाल्याने घेतलेलं माप कॅपला पुरत नाही. ते सुकून आकसतं, आणि आपल्याकडच्या वैशाखात तर फार लवकर. त्याच फेरीत, घरी निघण्याआधी, तासलेल्या दाढेवर तात्पुरती कॅप लावून घ्या. नाहीतर आठवडाभरात शेजारचे दात किंचित सरकतात आणि लॅबमधून आलेली कॅप बसत नाही.

दुसऱ्या फेरीत कॅप चिकटवण्याआधी नुसती बसवून बघतात. ही पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, कारण एकदा चिकटली की चूक सुधारायला कॅप कापावीच लागते. दोन्ही बाजूंना दोरा घालून बघायला सांगा. तो ‘टक्’ करून अडखळत आत गेला पाहिजे. सरळ घसरला तर फट आहे, गेलाच नाही तर कॅप नीट खाली बसलेली नाही. डॉक्टर बारीक अणकुचीदार सळई कॅपवरून दाढेवर, मग दाढेवरून कॅपवर फिरवतात. टोक कुठेही अडकता कामा नये. त्यानंतर निळा कागद. शेवटी कागदाऐवजी पातळ पट्टी चावून धरायची. ती कॅपखाली जितकी घट्ट धरली जाते तितकीच शेजारच्या दाढांखालीही धरली गेली पाहिजे. कॅपखालीच घट्ट आणि बाजूला सैल, म्हणजे कॅप उंच आहे. रंगाबद्दल बोलायचं तेही इथेच, आरसा घेऊन खिडकीच्या उजेडात, दवाखान्याच्या दिव्याखाली नाही. चिकटवल्यावर कडेचं वाळलेलं सिमेंट निघालं का ते दोऱ्याने पुन्हा बघून घ्या. हिरडीत राहिलेला एवढासा खडाही ती महिनोन्‌महिने सुजवत ठेवतो.

खर्च जड जात असेल तर धुळ्याच्या दंत महाविद्यालयाचा विचार करा. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त पडतात, म्हणून सुट्ट्या धरून जा. सरकारी रुग्णालयांतल्या दंत विभागात दात भरून मिळतो, पण कॅपला लॅब लागते. ती सोय आहे का हे आधी विचारून मगच निघा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. दुधाच्या मागच्या दाढेला कीड, डॉक्टर स्टीलची कॅप सांगतात. पडणाऱ्या दाढेला कॅप कशाला?
— आई, अमळनेर

उत्तर : पडणार हे खरं, पण कधी? दुधाची शेवटची दाढ साधारण दहा ते बाराव्या वर्षी पडते. म्हणजे अजून तीन ते पाच वर्षं तिने चावायचं आहे. तिच्या मागे सहाव्या वर्षी पक्की दाढ उगवलेली आहे. दुधाची दाढ लवकर काढली तर ही पक्की दाढ पुढे कलंडते, खालून येणाऱ्या दाताची जागा खाते आणि नंतर तारेचा खर्च उभा राहतो.

दुधाच्या दाढेचं कवच पातळ आणि नस मोठी. दोन बाजूंना कीड असेल तर भरलेलं सिमेंट टिकत नाही, विशेषतः मूल रडत असताना लाळेत भरलेलं. स्टीलची कॅप तयार मापात मिळते, एका बैठकीत बसते, माप लॅबला पाठवावं लागत नाही आणि दाढ पडते तेव्हा तिच्याबरोबरच पडते. कीड नसेपर्यंत गेलेली नसेल तर न तासता, सुई न देता नुसती कॅप दाबून बसवण्याची पद्धतही आहे. त्यासाठी काही दिवस आधी दोन दाढांमधे रबराची छोटी कडी घालून जागा करतात. पहिले काही दिवस दात वर उचलल्यासारखे वाटतात, मग आपोआप बसतात. मात्र रात्री दुखत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल तर हे चालत नाही, आधी नसेचा उपचार. एकाच बाजूला, वरवरची छोटी कीड असेल तर मात्र तुमचं बरोबर. भरून घ्या.

प्रश्न : आखाजीला सांजोरी खाताना कॅप निघून हातात आली. फेविक्विकने लावू का? शेजारच्या काकांची कॅप तर गिळली गेली म्हणतात.
— चोपडा

उत्तर : फेविक्विक नको. ते तोंडासाठी बनलेलं नाही, हिरडी भाजते. शिवाय कॅप तिरकी चिकटली की पुढे ती वाचवता येत नाही. कॅप पाण्याने धुऊन डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत दवाखान्यात न्या. तोवर त्या बाजूने चावू नका, आणि कॅप नुसती बसवून झोपू तर मुळीच नका. झोपेत घशात जाते.

निघालेल्या कॅपच्या आत बघा. आत फक्त जुनं सिमेंट दिसत असेल तर साफ करून तीच परत बसू शकते. आत दाढेचा तुकडाच अडकलेला असेल तर आतला खुंट मोडला आहे. काळा, वास येणारा लगदा असेल तर आत कीड आहे. या दोन्हींत नुसतं चिकटवून उपयोग नाही. तीच कॅप वर्षात दोनदा निघाली तर दोष चिकटवणीचा नाही, खाली उंची पुरत नाही.

काकांना सांगा, गिळलेली कॅप बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत शौचावाटे जाते. पण गिळताना ठसका लागला होता, खोकला थांबत नाही किंवा श्वासाला त्रास होतोय, तर ती श्वासनलिकेत गेली असू शकते. तेव्हा वाट न बघता रुग्णालयात जाऊन छातीचा एक्स-रे.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी अजून दाढेत आहे. त्यात पारा असतो म्हणून काढून पांढरं सिमेंट भरावं का?
— पाचोरा

उत्तर : चांगली बसलेली चांदी उगाच काढू नका. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून तिचा वापर जवळपास बंद केला, त्याचं मोठं कारण पाऱ्याने होणारं प्रदूषण. ‘तोंडात आहे ती उपटा’ असा त्याचा अर्थ नाही. उलट काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि चांगली दाढही थोडी जाते. कड उघडली असेल, खाली कीड असेल किंवा चांदी तुटली असेल तरच काढा. एक खूण मात्र लक्षात ठेवा. चावताना नाही, चावलेलं सोडताना एकदम कळ जात असेल तर चांदीच्या बाजूच्या भिंतीला तडा गेलेला असू शकतो. तिथे पुन्हा भरून भागत नाही, उंचवटे झाकावेच लागतात.

प्रश्न : आईचं वय बासष्ट, रोज मिस्री लावते. हिरडीजवळ सगळ्या दातांना आडव्या खाचा पडल्या आहेत. एकांनी आठ दातांना कॅप सांगितल्या.
— साक्री

उत्तर : त्या खाचा किडीच्या नाहीत, घासण्याच्या आहेत. दाताच्या मुळावर वरचं कडक कवच नसतं, म्हणून तिथे बोटाने रगडलेल्या मिस्रीने झीज होते. अशा दातांचे चावायचे भाग सहसा धड असतात. धड दात चारी बाजूंनी तासून कॅप चढवणं म्हणजे झिजलेल्या उंबऱ्यासाठी घर पाडणं. खाचा भराव्यात, त्याही झोंबणाऱ्या किंवा एक-दीड मिलिमीटरपेक्षा खोल गेलेल्याच. हिरडीजवळ ओल राहते, म्हणून तिथे ओल थोडीफार सोसणारं ग्लास आयनोमर सिमेंट वापरतात. पुढच्या दातांना रंग जुळावा म्हणून कंपोझिट. एखादी खाच नसेपर्यंत गेली असेल तर त्या एका दाताचा वेगळा विचार.

भरलेलं सिमेंट मिस्री चालू असेपर्यंत टिकणार नाही, काही महिन्यांत सुटेल. मिस्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, त्यामुळे दाताआधी आईंच्या तोंडाची तपासणी करून घ्या. गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि मिस्री फिरते त्या हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, ते डॉक्टरांना बोटाने चाचपून बघायला सांगा. घरात कोणी गुटखा-सुपारी खात असेल तर त्यांनी आरशासमोर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघावीत. जात नसतील तर त्यांनीही आईंबरोबरच दाखवायला जावं. उघडत नाही त्या तोंडात मागच्या दाढेपर्यंत ना सिमेंट पोचतं, ना कॅप.